पन्नास रनिंग

३ जानेवारी
आजपासून रोजनिशी. नियम तीन: शुद्ध मराठीत लिहायचं, थोडक्यात लिहायचं, रोज लिहायचं.

घेतली! हिरवी जग्वार. सन शहात्तर. इंग्लंडातल्या एका म्हाताऱ्या गोऱ्याची. लहानपणी नागपूरच्या संत्रा दलालाच्या ऑफिसात कॅलेंडरवर अशीच एक होती, तेव्हापासून डोक्यात बसलेली. आता नवा नियम आलाय की गाडी पन्नास वर्षांची असेल तर परदेशातून आणायला लायसन लागत नाही. पेपरात वाचलं. सगळं नाही वाचलं, पण मथळा स्पष्ट होता.

सुभद्रेला सांगितलं. म्हणे, जवार? विलायतेतून? आपल्या इकडे काय कमी पिकते का? मी म्हणालो, जग्वार. म्हणे, तेच तर म्हणून राहिली मी.

बायकांना यंत्रातलं कळत नाही. (मसाल्याच्या मशीनचा पट्टा ती स्वतः बदलते. ते वेगळं.)

४ जानेवारी
रोज लिहिण्याचा नियम शिथिल. काही घडेल तेव्हा लिहायचं.

९ जानेवारी
वयाचा प्रश्न निकालात काढला. गाडी नोव्हेंबर शहात्तरची, म्हणजे पन्नासावं लागलेलं आहे. तरी कच्चं काम नको म्हणून गोऱ्याला ई-मेल टाकला: सर, इज इट फिफ्टी रनिंग? लगेच उत्तर आलं: यस, रनिंग ब्यूटिफुली. वर असंही लिहिलं की आज सकाळीच तिच्यातून दूध आणलं. दुधाचा संबंध लागला नाही, पण माणूस दिलदार वाटला.

आपल्याकडे मुलगी दाखवताना चोविसावं रनिंग म्हणतातच की. जगात हिशेब सगळीकडे सारखाच.

मग महादेवरावांना फोन. महादेवराव म्हणजे अकोल्याचे आमचे साडू, सुभद्रेच्या मोठ्या बहिणीचे, गोदाबाईंचे यजमान. दिवाळीत त्यांनी बॅटरीवरची नवी गाडी दाखवली होती. ती बोलते. पट्टा लावा, दार लावा, सारखी कटकट. तेव्हाच मी ठरवलं की आपली गाडी बोलणार नाही, लोक बोलतील. महादेवराव म्हणाले, पन्नास वर्सांची गाडी? मंग ते चालते का तिले चालवा लागते?

जळतात. चालायचंच.

१८ जानेवारी
प्लॅन ठरला. बारा मे, लग्नाचा वाढदिवस. सुभद्रेला मागच्या सीटवर बसवून अकोल्याला माहेरी, म्हणजे आता गोदाबाईंकडेच, न्यायचं. साडूंचं घर जठारपेठेत, तिथून गाडी हळू घ्यायची. काचा खाली. ऊन असलं तरी काचा खालीच.

गाडीला जागा हवी. मागची पत्र्याची खोली योग्य. तिथे सध्या सुभद्रेचा मसाला असतो: कांडपाचं मशीन, चाळण्या, पिंपं, आणि दुपारी तिच्या बचत गटातल्या चारदोन बाया. थोड्या दिवसांसाठी हलव म्हणालो. म्हणे, मिरचीचा हंगाम तोंडावर आला आहे. मी म्हणालो, अशी गाडी उन्हात ठेवता येत नाही. म्हणे, अन् मले ठेवता येते?

मी हसलो. ती पहिल्यापासून विनोदी आहे.

२ फेब्रुवारी
सुभद्रा अकोल्याला गेली. महादेवरावांनी टेम्पो पाठवला, मशीनही गेलं. गोदाबाईंच्या अंगणात शेड आहे म्हणे. एका अर्थी मीच पाठवलं. बदल म्हणून जाऊन ये, असं म्हणालो होतो. म्हणालो नसेन, पण मनात होतं.

जाताना रागावलेली दिसली नाही. तोंड दिसलंच नाही, ती टेम्पोत पुढे बसली होती. सोमवारपर्यंत येईल. तिला माझ्याशिवाय करमत नाही.

४ फेब्रुवारी
संकल्प: स्वयंपाक स्वतः करायचा. वरण, भात, एक भाजी. साधा आणि सात्त्विक आहार.

४ फेब्रुवारी, सायंकाळ
चौकात जाऊन गिला वडा खाल्ला. कुकरची शिट्टी खराब आहे. शिट्टीत डाळ कशी गेली ते कळलं नाही.

१० फेब्रुवारी
सोमवार होऊन गेला. हंगाम आहे, तिला काम असेल.

कागदपत्रं सुरू. बंदरातली कामं करणारा एजंट मिळाला, शाहनवाज. मूळचा अचलपूरचा, आता न्हावा-शेवाला असतो. आपला माणूस. म्हणाला, भगवंतभाऊ, फिकर नका करू, फक्त तुमच्या पत्त्याचा एक पुरावा धाडा.

आधारवर अजून शेंदूरजनाघाटचा पत्ता. संत्र्याचा बगीचा तिकडे, ते बदलायचं राहून गेलं. मग इथल्या, अमरावतीच्या घराचं लाइट बिल काढलं: सौ. सुभद्रा. घरटॅक्सची पावती: सौ. सुभद्रा. गॅसचं कार्ड: सौ. सुभद्रा. नळाचं बिलसुद्धा! हे घर माझं आहे असं सांगणारा एक कागद घरात नाही. त्या काळी बाईच्या नावावर केलं की बरं पडायचं, म्हणून केलं होतं. दूरदृष्टी माणसाला अशी आडवी येते.

शाहनवाज म्हणाला, काकूचं संमतीपत्र आणा.

१६ फेब्रुवारी, अकोला
एस.टी.ने आलो. जग्वारवाल्याने एस.टी.त बसू नये, पण अजून ती समुद्रात आहे.

सुभद्रेनं पत्र लगेच लिहून दिलं. मजकूर असा: हे माझे यजमान असून माझ्या घरी राहतात. बस. मी म्हणालो, थोडं सन्मानानं लिही. म्हणे, राहतात लिहिलं ना, राहतो नाही लिहिलं.

सहीवर हळदीची पाच बोटं उमटली. शुभ आहे. शेडमध्ये बाया वाढल्या आहेत. अकोल्याच्या दोन दुकानांनी मसाला ठेवला म्हणे. मी विचारलं, कधी येतेस? तिनं विचारलं, मशीन कुठी ठेवू? मी विषय बदलला.

११ मार्च
जहाज लागलं! गल्लीत पेढे वाटले. बाराही महिने न बोलणारा शेजारी स्वतःहून म्हणाला, काहो भगवंतराव, जवारी आली म्हणतात? ही आग अकोल्याहून लागली आहे. कोणी लावली ते ठाऊक आहे.

हार कुठला घ्यायचा यावर विचार. झेंडूचा हार हिरव्या रंगावर उठून दिसेल.

१९ मार्च
शाहनवाजचा फोन. म्हणे, भाऊ, लफडं झालं. गाडी पन्नासची नाही. कस्टमवाले एकोणपन्नास म्हणून राहिले.

मी म्हणालो, पन्नासावं रनिंग आहे, गोऱ्याचा ई-मेल आहे माझ्याजवळ. म्हणे, भाऊ, त्यानं रनिंग म्हणजे चालू आहे म्हटलं, गाडी चालू आहे, फिरते, दूध आणते. आन् कायदा रनिंग मानत नाही. पन्नास पुरे पायजेत.

पन्नास रनिंग म्हणजे पन्नास नाही तर काय पंधरा? कावून नाही मानत? आमच्या बापजाद्यापासून मानून राहिले ना सारे! ह्या लोकाईले वय मोजता येत नाही अन् बंदरं सांभाळून राहिले! मी जातो मुंबईले. मले कोनाचं भेव नाही.

(शुद्ध मराठीचा नियम आजच्यापुरता रद्द.)

२४ मार्च, मुंबई
विजय. जवळजवळ.

कस्टमचे साहेब म्हणजे एक मॅडम निघाल्या. मराठी, शांत. मी उभ्याउभ्याच वऱ्हाडी पद्धत समजावली. लागलं की धरायचं. पोराला सहावं लागलं की शाळेत घाला म्हणतात, सहा संपायची वाट कोणी पाहतं का? मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, काका, तुमचं वय काय? मी म्हणालो, एकोणसाठ.

मॅडमनी माझा कागद पाहिला. म्हणाल्या, सहासष्टचा जन्म, म्हणजे तुमच्या पद्धतीनं साठ. मी तिथल्या तिथे स्पष्ट केलं की अजिबात नाही. एक जुलैला साठ पूर्ण होतील, तोवर एकोणसाठच. पूर्ण झाल्याशिवाय वय धरत नसतात, मॅडम!

मॅडम म्हणाल्या, थँक यू काका, आणि फाइलवर काहीतरी लिहिलं. वर चहा मागवला. माझ्या स्पष्टवक्तेपणाचा परिणाम झाला हे उघड आहे.

बाहेर आल्यावर शाहनवाज कपाळाला हात लावून उभा राहिला. म्हणे, भाऊ, मॅडमले लिहाले काही सुचत नव्हतं, तुमीच सांगून देलं.

२५ मार्च, रेल्वेत
शेगावच्या आसपास एकदम लक्षात आलं, काय झालं ते.

पण माणसाचं वय वेगळं आणि गाडीचं वेगळं. माणूस गंजत नाही.

३० मार्च
दोन रस्ते. गाडी परत इंग्लंडला पाठवायची, नाहीतर नोव्हेंबरात पन्नास पूर्ण होईपर्यंत बंदरावरच्या सरकारी देखरेखीच्या गोदामात ठेवायची, भाडं भरून. गोऱ्याला लिहिलं. त्यानं कळवलं की त्याला वाईट वाटतं, पण त्यानं आता सायकल घेतली आहे.

गोदाम. नोव्हेंबर काही लांब नाही.

१२ मे, अकोला
लग्नाचा वाढदिवस. एस.टी.ने आलो. ऊन असं की डोक्यावर पापड भाजावा. उतरून जठारपेठेतून चालत गेलो, हळू. कोणी पाहिलं नाही.

सुभद्रेच्या शेडमध्ये लाल मिरचीचा ढीग. मोठी ऑर्डर होती. मी फुलं आणली होती, तिनं पाण्यात ठेवली आणि माझ्या हातात चाळणी दिली. दुपारभर चाळलं. नाक, डोळे, कान, सगळीकडून धार. तिनं पदरानं माझे डोळे पुसले आणि विचारलं, रडून राहिले का काय? मी म्हणालो, मिरची.

अर्धी मिरची होती. अर्धं मला करमत नाही. इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतं.

महादेवराव येऊन म्हणाले, भगवंतराव, तुमी चाळता मस्त. गाडी येईपावतर या रोज.

१ जुलै
माझा वाढदिवस. हा गुरुजींनी शाळेत लिहिलेला, खरा कोणालाच माहीत नाही. साठ पूर्ण. शाहनवाजचा पहिला फोन. म्हणे, मुबारक हो भाऊ, आता तुमचा बी माल सुटते कस्टममधून.

सुभद्रेनं एस.टी.च्या कंडक्टरजवळ डबा पाठवला. पुरणपोळी. सोबत मसाल्याचं एक पाकीट, वर छापील लेबल: सुभद्रा वऱ्हाडी मसाला, अकोला.

अकोला! लेबलवर अकोला छापलं. पोळी घशाखाली उतरेना. चारच खाल्ल्या.

२ सप्टेंबर
पत्र्याच्या खोलीला फरशी बसवून घेतली. भिंतीला हिरवा रंग. मध्ये खुर्ची टाकून बसलो. खोली छान प्रशस्त वाटते. आवाज घुमतो. सुभद्रा असं मोठ्यानं म्हणून पाहिलं, फक्त घुमतो का ते तपासायला.

९ नोव्हेंबर
दिवाळी साडूंकडे. आपलीच बायको, पण तिनं मला पाहुण्याच्या पाटावर बसवलं आणि लाडू आग्रहानं वाढला. घरच्या माणसाला कोणी आग्रह करत नाही. मला ते फार लागलं. एकदा वाटलं, सगळ्यांसमोर म्हणावं, चल घरी. पण गाडी सुटायला थोडेच दिवस. तिला न्यायचं तर शानमध्येच न्यायचं.

२० नोव्हेंबर
पन्नास पूर्ण! शाहनवाजनं मॅडमना पेढे दिले. मॅडमनी विचारलं म्हणे, काका कसे आहेत, किती पूर्ण झाले?

४ डिसेंबर
ट्रेलरवरून उतरली. हिरवी. कॅलेंडरवर होती तशीच. अर्धा तास हात लावायचा धीर झाला नाही. गल्ली जमली. चांदूर बाजारहून माणसं बघायला आली. मी चार शब्द बोललो. चारच बोलायचे होते, नंतर वाढले.

एवढी गर्दी, आणि जिच्यासाठी आणली ती नाही. पण आता प्रश्नच नाही. नंबर मिळाला की थेट अकोला.

२२ जानेवारी
नंबर मिळाला. सोबत अटी.

व्हिंटेज नंबरची गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शनाला, रॅलीला नेता येते. पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला नेता येते. बाकी घरी उभी. मी आर.टी.ओ.च्या साहेबांना विचारलं, बायकोला माहेरून आणायला? म्हणे, यात बसत नाही. मी म्हणालो, तीसुद्धा दुरुस्तीच आहे, साहेब. साहेब हसले. शेजारचे क्लार्क हसले. शिपाई बाहेर जाऊन हसला. सही मात्र तेवढ्यावरच.

म्हणजे वर्षभर जिच्यासाठी जीव आटवला, ती गाडी सुभद्रेला आणू शकत नाही. घरी येऊन त्या हिरव्या खोलीत बसलो. आता तिथे आवाजही घुमत नाही, गाडीनं जागा भरली आहे. आज प्रथमच वाटलं, आपण मूर्ख आहोत.

२३ जानेवारी
कालचं वाटणं थकव्यामुळे. झोप झाल्यावर बरं वाटलं.

३० जानेवारी
सुभद्रेचा फोन. तिनं स्वतः लावला! म्हणे, अकोल्यात बचत गटाईचं प्रदर्शन आहे, आमचा स्टॉल आहे. तुमच्या कागदात प्रदर्शनाले नेता येते म्हणतात ना? आणा मंग. आयोजकाईचं पत्र मी घेऊन ठेवते.

शेवटी तिला गाडीची ओढ लागली. मी म्हणालो, बघतो, जमवतो. फोन ठेवल्यावर लगेच गाडी धुवायला घेतली.

१३ फेब्रुवारी, अकोला
अमरावती ते अकोला, कागदोपत्री, कायदेशीर! ट्रॅक्टरवाले थांबून बघत होते. जठारपेठेतून हळू घेतली. काचा खाली. महादेवराव फाटकात उभे. त्यांची बोलती गाडीही गप्प होती. महादेवराव बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, भगवंतराव, मानलं. हे वाक्य मी दोनदा म्हणायला लावलं.

प्रदर्शनात गाडी सुभद्रेच्या स्टॉलशेजारी लावली. तुफान गर्दी. मी इंजिनाची माहिती द्यायला उभा राहिलो. पहिल्या बाईनं विचारलं, काळा मसाला तिखट आहे का? दुसरीनं विचारलं, घरपोच देता का? पोरं गाडीसोबत फोटो काढत होती. एक म्हणाला, काका, तुमी फोटोत येऊन राहिले, जरासे बाजूले सरका. सरकलो. दिवसभर सरकत सरकत स्टॉलच्या आत पोचलो आणि पाकिटं भरत बसलो.

मसाला दुपारीच संपला. सुभद्रा एवढी खूश कधी पाहिली नव्हती.

१४ फेब्रुवारी, सकाळ
आयोजकांना विचारलं. प्रदर्शनातून परत जाताना गाडीत कोणीही बसू शकतं, कायदा काही म्हणत नाही. मागचं दार उघडून म्हणालो, चल घरी.

ती म्हणे, अन् मशीन?

मागे गोदाबाई उभ्या, महादेवराव उभे, गटातल्या बाया उभ्या. मी म्हणालो, खोली तुझी. गाडी बाहेर लिंबाखाली राहील. म्हणे, उनात? मी म्हणालो, उन्हात. तू नसली की घर खायला उठतं, सुभद्रा. मले करमत नाही.

हे शेवटचं शुद्ध आलं नाही, आणि जरा मोठ्यानं आलं. सुभद्रा खाली पाहत म्हणाली, आदी कावून नाही बोलले? अन् लगेच आत गेली, पिशवी भरायला.

गाडी लिंबाखाली ठेवायचा निर्णय मी तसा कधीचाच घेतला होता. लाकडाच्या डॅशबोर्डला मोकळी हवा लागते.

१४ फेब्रुवारी, अमरावती
सुभद्रा घरी आली.

टेम्पोतून आली. मशीनपाशी आपलं माणूस पायजे म्हणून ती ड्रायव्हरशेजारी बसली. मी मागे जग्वारमध्ये, एकटा, मागची सीट मोकळी. मूर्तिजापूरच्या पुढे गाडीतून वाफ निघाली. बॉनेट उघडलं. मी रेडिएटरची थोडक्यात माहिती दिली. सुभद्रेनं टेम्पोतून मशीन बांधायची दोरी काढली आणि ड्रायव्हरला म्हणाली, बांध रे याईले.

बडनेऱ्यापासून लोक बघत होते. गल्लीत सगळे बाहेर आले होते. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसलो होतो, चेहरा गंभीर.

एक गोष्ट नोंदवतो. मूर्तिजापूरपासून रस्ताभर सुभद्रा टेम्पोच्या खिडकीतून मान काढून मागे वळून वळून माझ्याकडे बघत होती. घरी आल्यावर मी तसं म्हणालो. म्हणे, तुमाले नाही, दोरीले पाहून राहिली होती.

पण दोरी माझ्याच गाडीला बांधली होती.